पॉलिशखालचं लाकूड: जुनं मँडोलिन कसं ओळखावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबांचं गोल पाठीचं मँडोलिन घरात आहे. पाठ गडद, जवळजवळ काळी. वरची फळी मधाच्या रंगाची. आतली चिठ्ठी फाटलीय, ‘नापोली’ (म्हणजे इटलीतलं नेपल्स) एवढंच वाचता येतं. जुन्या वस्तू घेणाऱ्या एकांनी पाठ ‘ब्राझिलियन रोझवूड’ असल्याचं सांगितलं. घरी येणारा सुतार म्हणतो, साग आहे. मामांकडून आलेलं दुसरं मँडोलिन सपाट पाठीचं आहे, ते ‘मेपलचं’ म्हणून विकत घेतलेलं. खरं काय ते कसं कळेल? कुठेतरी थोडं घासून बघू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तेच तातडीचं आहे. घासू नका. सँडपेपर नको, थिनर नको, स्पिरिटचा बोळाही नको.

हे मी अनुभवातून सांगतोय. काम शिकत होतो तेव्हा पुण्याच्या कॅम्पातल्या एका कुटुंबाचं गोल पाठीचं मँडोलिन माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. पाठ शिसवीची आहे याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. वर्षानुवर्षांचा मळ काढायचा म्हणून मी फाकींवरून, म्हणजे गोल पाठ ज्या लांब पट्ट्यांची जोडलेली असते त्यांवरून, स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा तांबडा-तपकिरी झाला आणि त्याखाली पिवळट मेपल उघडं पडलं. मूळ कारागिरानं लाखेच्या पॉलिशमध्येच रंग मिसळून तो थरावर थर चढवला होता. माझ्या एका हातासरशी तळहाताएवढी जागा धुऊन निघाली. नंतर चार दिवस बसून मी रंग जुळवला आणि त्या बाईंना घडलेलं सगळं सांगितलं. पण मूळ हात गेला तो गेलाच. त्या दिवसापासून माझा नियम ठरला: पॉलिशच्या रंगावरून लाकडाचं नाव घ्यायचं नाही, आणि लाकूड बघण्यासाठी पॉलिशला हात लावायचा नाही. प्रत्येक वाद्यात पॉलिश न पोहोचलेल्या जागा असतातच. लाकूड तिथे वाचायचं.

या जागा कुठल्या? खुंट्यांच्या मशीनची पत्र्याची पट्टी काढली की खाली कोरं लाकूड दिसतं. टेलपीसचे, म्हणजे तारा शेवटी अडकवतात त्या पत्र्याचे, स्क्रू काढले की शेपटाकडची कड मोकळी होते. शेवटी पट्ट्याचं बटण असेल तर ते हलक्या हातानं उपसून काढा. त्याच्या भोकात आडवा छेद बघायला मिळतो. ध्वनिछिद्राची आतली कड ही सगळ्यात उपयोगी जागा, कारण तिथे फळीची पूर्ण जाडी समोर येते. आणि अर्थात वाद्याची आतली बाजू. सपाट पाठीच्या मँडोलिनचं आतलं लाकूड बहुतेक वेळा कोरंच ठेवलेलं असतं. साधनं फार लागत नाहीत. सराफ वापरतात ते १० पटींचं भिंग, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांडीचा छोटा आरसा आणि बारीक झोताची टॉर्च. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा मिळाला तर फारच छान. एफच्या आकाराची छिद्रं असलेल्या वाद्यात दुसरं काही आत शिरतच नाही. तारा काढायच्या झाल्या तर एकेक करून सैल करा आणि घोडी (तारा जिच्यावरून जातात ती) कुठे होती ते पेन्सिलनं नाही, कागदी टेपनं खुणावून ठेवा. घोडी फळीला चिकटवलेली नसते, ती फक्त तारांच्या दाबावर उभी असते.

लाकडाकडे वळण्याआधी वाद्याची घडण बघावी, कारण घडणीवरून काय असू शकतं आणि काय असू शकत नाही याचा अंदाज बांधता येतो. नेपल्सच्या विनाच्चा आणि कालाचे घराण्यांनी रुळवलेलं गोल पाठीचं मँडोलिन असेल, तर वर स्प्रूस आणि पाठीला रोझवूड किंवा मेपल ही नेहमीची जोडी. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन यांनी व्हायोलिनसारखी कोरून काढलेली मँडोलिनं आणली. त्यांचं पेटंट १८९८चं, कंपनी निघाली १९०२ साली, मिशिगन राज्यातल्या कॅलामाझूला. त्यांच्या स्वतःच्या हातच्या सुरुवातीच्या वाद्यांत पाठ अक्रोडाची सापडते. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथच्या मार्टिननं १९१४पासून सपाट पाठीची मँडोलिनं काढली: स्टाइल ए महोगनीचं, स्टाइल बी रोझवूडचं. पुढे हवाई बेटांवरच्या कोआ लाकडाचंही आलं. माझ्या टेबलावर येणाऱ्यांत मात्र अशी नावं क्वचितच असतात. पुण्यातल्या घरांतून निघतात ती बहुतेक बिनचिठ्ठीची इटालियन किंवा जर्मन, काही नागोयाच्या सुझुकीची, आणि बरीच आपल्याकडे बनलेली. सिनेसंगीतात मँडोलिनचा सुवर्णकाळ होता. सज्जाद हुसेन वाजवत होते, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मुळात मँडोलिनवादकच. त्या दिवसांत ऑर्केस्ट्रात वाजवायला म्हणून घेतलेली ही वाद्यं आता माळ्यावरून खाली येतायत.

आता वरची फळी. आपले सतारवाले हिला तबली म्हणतात, मीही तेच म्हणतो. जुन्या परदेशी मँडोलिनची तबली जवळजवळ नेहमीच स्प्रूसची असते. स्प्रूस सूचिपर्णी झाड असल्यामुळे त्यात शिसव-सागासारखी लाकडातली बारीक छिद्रं नसतात. भिंगातून ध्वनिछिद्राची कड पाहिली तर एकाआड एक फिकट आणि गडद पट्टे दिसतील. फिकट वसंतातली वाढ, गडद उन्हाळा सरतानाची. या दोन्हींतला बदल स्प्रूसमध्ये बऱ्यापैकी हळुवार असतो. फळी वाढीच्या वलयांना काटकोनात चिरलेली असेल तर तिरप्या उजेडात उभ्या रेषांवर आडवी रेशमी झाक चमकते, हे मज्जाकिरण, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींचे पट्टे. चांगल्या चिरीची ती खूण आहे, जातीची नाही.

स्प्रूसऐवजी काय निघू शकतं? चीड (पाइन) असेल तर राळेच्या नळ्या मोठ्या असतात. आडव्या छेदात त्या ठिपक्यांसारख्या आणि लांबीत बारीक गडद ओरखड्यांसारख्या सहज दिसतात. स्प्रूसमध्येही त्या असतात, पण इतक्या बारीक आणि विरळ की शोधाव्या लागतात. देवदार वासावरून कळतो. ध्वनिछिद्राला नाक लावा. इतक्या वर्षांनीही देवदार स्वतःची ओळख देतो. आणि कडेला तीन थर दिसले, मधल्या थराची नस, म्हणजे तंतूंची दिशा, आडवी असली, तर ते प्लायवूड. मग वर कितीही सुंदर रेषा असोत.

तबली स्प्रूसची आहे एवढं ठरलं की थांबा. यापुढे ‘अ‍ॅडिरॉन्डॅक की सिटका की युरोपियन’ हा वाद डोळ्यांनी सुटत नाही. स्प्रूसच्या जाती सूक्ष्मदर्शकाखालीही एकमेकींपासून वेगळ्या करणं अतिशय कठीण आहे. रेषा दाट म्हणजे युरोपियन, विरळ म्हणजे अमेरिकन, असं सांगणारे भेटतील. रेषांची दाटी झाड किती थंडीत, किती उंचावर, किती गर्दीत वाढलं यावर असते, आणि एकाच झाडात गाभ्याजवळ एक तर सालीजवळ दुसरी असते. जातीचा अंदाज इतिहासावरून बांधता येतो. पूर्व अमेरिकेतले कारखाने दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिथलाच रेड स्प्रूस, म्हणजे अ‍ॅडिरॉन्डॅक, वापरत. मार्टिन महायुद्धाच्या सुमारास सिटकाकडे वळली. इटलीतल्या वाद्यात आल्प्सचा स्प्रूस असणार. वाद्य कुठलं आणि कधीचं हे पक्कं असेल तर ‘बहुधा’ हा शब्द लावून जात लिहावी. वाद्यच कुठलं ते माहीत नसताना फळीकडे बघून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तुमच्या गडद पाठीकडे येतो. इथे तीन शक्यता मांडल्या गेल्यात: रोझवूड, साग, आणि तुम्ही न विचारलेली तिसरी, रंगवलेलं फिकट लाकूड. आधी साग बाजूला काढू. सागात दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ठळक रांग असते. आडव्या छेदात ती माळेसारखी दिसते आणि लांबीत छिद्रांच्या पट्ट्यांसारखी उमटते. अशी रांग नसेल तर सुताराचा अंदाज चुकलाय. त्याला दोष देत नाही. त्यानं आयुष्यभर सागच हाताळलाय, आणि जुनं पॉलिश चढलेलं कुठलंही तपकिरी लाकूड सागासारखं दिसतं.

रोझवूड की रंग हे ठरवायला पाठ खिडकीजवळ न्या आणि उजेड अगदी तिरपा पडेल अशी धरा. रोझवूडची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढी मोठी असतात. फाकीच्या लांबीनं ती कापली गेल्यामुळे सुईनं ओढल्यासारख्या बारीक, तुटक, गडद रेघा दिसतात. पॉलिशच्या आत, खाली बुडालेल्या. काळ्या शाईच्या लहरी रेषा त्याहून वेगळ्या. त्या रंगाच्या असतात, छिद्रांच्या नव्हेत. मेपलला अशा तुटक रेघा नसतात. पृष्ठभाग काचेसारखा सलग दिसतो आणि वाद्य फिरवलं की आत उजेडाच्या लहरी सरकतात. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वाड्यातला शिसवी पलंग किंवा देव्हारा डोळ्यांसमोर आणा. आपली काळी शिसव, डालबर्जिया लॅटिफोलिया, म्हणजेच जगात ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात ते. एखाद्या नातेवाइकाकडे तसा पलंग असेल तर त्याच्या खालच्या, पॉलिश न केलेल्या भागावर भिंग धरून दहा मिनिटं बसा. एकदा ती छिद्रं डोळ्यांत बसली की रंगवलेलं मेपल तुम्हाला फसवू शकणार नाही. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये गेलात तर ताज्या कापाचा तुकडा मागून आणा, तोही उपयोगी पडेल.

दुसरी खूण फाकींच्या मधल्या रेघांची. बऱ्याच गोल पाठींत दोन फाकींच्या मध्ये फिकट लाकडाची कागदासारखी पातळ पट्टी बसवलेली असते. तिच्यावर भिंग धरा. ती पट्टी स्वच्छ पांढुरकी किंवा पिवळसर असेल, कडा धारदार असतील, तर पाठ एकत्र रंगवलेली नाही, कारण वरून दिलेला रंग आधी या पट्टीत शिरतो. पट्टी स्वतःच तांबूस, धुरकट असेल, रंग तिच्या कडांवरून ओघळल्यासारखा दिसत असेल, तर मी म्हटलं ती तिसरी शक्यता बळावते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पट्ट्या दिसतायत, पण मोबाइलच्या फ्लॅशनं सगळंच पिवळं केलंय. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून तेवढ्या भागाचा फोटो काढा.

आतून बघायला गेलात तर गोल पाठीत एक अडचण येते. आतून बहुतेक वेळा कागद चिकटवलेला असतो, किंवा सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या. तो कागद उचकटू नका. पातळ फाकींना तोच धरून ठेवतो. कागद जिथे संपतो, मानेच्या ठोकळ्याजवळ किंवा शेपटाकडे, तिथे बोटभर जागा सापडते. एंडोस्कोप तिथे न्या.

समजा, रोझवूड ठरलं. पुढे ‘ब्राझिलियन’ म्हणायचं का? विकत घेणारे आणि विकणारे दोघंही इथेच सगळ्यात जास्त बोलतात, म्हणून सविस्तर लिहितो. ब्राझिलियन रोझवूड म्हणजे डालबर्जिया नायग्रा. रंग तांबूस-चॉकलेटी ते गडद, काळ्या रेषा जास्त नाटकी, कधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या. इंडियनचा कल जांभळट छटेकडे आणि सरळ रेषांकडे. ताज्या कापात ब्राझिलियनला गोडसर, गुलाबाची आठवण करून देणारा वास येतो. छिद्रांची दाटी ब्राझिलियनमध्ये सहसा कमी. पण या सगळ्या खुणा सरासरीच्या आहेत, आणि दोन्ही लाकडांत त्या एकमेकींत मिसळतात. त्यात शंभर वर्षांच्या उजेडानं जांभळट छटा विटून तपकिरी होते, म्हणजे रंगाचा पुरावा निम्मा पुसलेलाच असतो. पक्कं उत्तर प्रयोगशाळेत, रासायनिक तपासणीतून मिळतं. आमच्यासारख्यांनी काळावरून बोलावं. मार्टिननं १९६९ साली ब्राझिलियन सोडून इंडियन रोझवूड घेतलं, कारण ब्राझीलनं ओंडक्यांची निर्यात थांबवली. त्याआधीच्या अमेरिकन वाद्यात रोझवूड दिसलं तर ते ब्राझिलियन असण्याची शक्यता मोठी. १९००च्या आसपासच्या इटालियन वाद्यालाही तेच लागू पडतं. तुमची चिठ्ठी नापोलीची आहे, पण नापोली छापलेल्या चिठ्ठ्या निरनिराळ्या दर्जाच्या वाद्यांत लागत. त्यामुळे चिठ्ठी हा एक धागा आहे, एवढंच.

आणि ‘ब्राझिलियन’ शब्द ऐकून आनंद होण्याआधी हेही माहीत असू द्या. डालबर्जिया नायग्रा १९९२पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंधन आहे. २०१७ साली डालबर्जियाच्या बाकी सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि २०१९मध्ये तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली. ही सवलत ब्राझिलियनला नाही. मँडोलिन परदेशातल्या भावाकडे पाठवायचं ठरवलंत तर हा एक शब्द कागदपत्रांचा मोठा फरक करतो. खात्री नसताना तो कुठेही लिहू नका.

आता मामांचं सपाट पाठीचं, ‘मेपलचं’. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण मेपल आणि बर्च यांची गल्लत इतकी जुनी आहे की कारखान्यांनीही ती केलीय. १९१०च्या दशकातल्या गिब्सनच्या ए मॉडेलच्या अनेक मँडोलिनांच्या पाठी आणि बाजू बर्चच्या आहेत, आणि कंपनीचा कॅटलॉग मात्र मेपल म्हणतो. गडद तांबड्या-तपकिरी रंगाखाली दोन्ही सारखीच दिसतात. बर्च म्हणजे हलक्या दर्जाचं लाकूड, असा समज करून घेऊ नका. त्या वाद्यांचा गोड, गोलाईचा आवाज ज्यानं ऐकलाय तो बर्चला कमी लेखणार नाही. पण नाव खरं लावायला हवं.

काही वर्षांपूर्वी असंच एक ए मॉडेल माझ्याकडे आलं, अमेरिकेहून परतलेल्या एका कुटुंबाकडून. पाठीला बाइंडिंग (कडेनं बसवलेली झाकणपट्टी) नव्हतं, त्यामुळे खालच्या टोकाला पाठीचा आडवा छेद उघडाच होता. वर फक्त पॉलिशचा पातळ, झिजलेला थर. ओल्या सुती कापडानं मी तेवढा अर्धा इंच पुसला, टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि भिंग डोळ्याला लावलं. मेपलच्या आडव्या छेदात मज्जाकिरण स्पष्ट असतात. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या फिकट, सरळ रेघा. त्यातल्या रुंद रेघा तिथल्या छिद्रांएवढ्या जाड, काही जास्तच. छिद्रं त्यांच्यामध्ये बारीक ठिपक्यांसारखी विखुरलेली. या पाठीत उलटं होतं. छिद्रं रव्याच्या दाण्यांसारखी ठसठशीत दिसत होती आणि त्यांच्यामधून जाणारे किरण केसासारखे, छिद्रांपेक्षा कितीतरी अरुंद. नुसत्या डोळ्यांना तर दिसतच नव्हते. मग पाठीच्या सपाट भागावर भिंग नेलं. बर्चची छिद्रं लांबीत कापली गेली की त्यात रंग साचतो आणि पृष्ठभागावर बारीक, तुटक, गडद ओरखडे उमटतात. रोझवूडच्या मानानं खूप नाजूक, पण असतात. तेही सापडले. पाठीवर लहरीही होत्या, पण रुंद, मऊ कडांच्या, हळूहळू विरघळणाऱ्या. मेपलच्या लहरी सहसा जास्त आखीव असतात. लहरींवरून मी निकाल कधीच देत नाही. दोन्ही झाडांत त्या येतात. छेद आणि ओरखडे या दोन खुणा जुळल्या तेव्हा वहीत ‘बर्च’ लिहिलं.

तुमच्या मामांच्या वाद्यावरही हेच करा. पाठीला बाइंडिंग असेल तर शेपटाच्या बटणाचं भोक बघा. आणि तिथे किरण फारच मोठे, पृष्ठभागावर तिळाएवढ्या गडद डागांसारखे दिसले, तर ते ना मेपल ना बर्च, ते बीच नावाचं लाकूड. जर्मन वाद्यांत ही शक्यता मनात ठेवावी.

त्याआधी एक साधी परीक्षा आहे, तिला भिंगही लागत नाही. पाठीवरचे वाघपट्टे खरे आहेत का? वाद्य हातात धरून उजेडाच्या दिशेला अर्धं फिरवा. खऱ्या लहरींत फिकट पट्टा गडद होतो आणि गडद फिकट, कारण तिथे नसच वरखाली वळलेली असते. रंगवलेला किंवा छापलेला पट्टा आहे तिथेच, आहे तेवढाच गडद राहतो. स्वस्त वाद्यांच्या कारखान्यांनी साध्या बर्चवर रोझवूडच्या रेषा आणि मेपलचे पट्टे रंगवले, आणि त्यांतली काही कामं इतकी सफाईदार आहेत की फोटोवरून मीही फसेन. दुसरी परीक्षा आतबाहेर जुळवण्याची. बाहेर पाठीवर एखादी गाठ किंवा ठळक वळण दिसत असेल, तर आरशातून आत बरोबर त्याच जागी ते दिसायला हवं. अखंड लाकडात ते असतंच. आत सरळ, निर्जीव नस आणि बाहेर लहरी, म्हणजे प्लाय किंवा व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा.

महोगनीबद्दल थोडंच. खरी महोगनी तांबूस, छिद्रं मध्यम आणि सगळीकडे विखुरलेली, त्यात बऱ्याचदा गडद डिंक. वाढीच्या सीमेवर बारीक फिकट रेघ दिसते. आपल्याकडे बनलेल्या वाद्यांत ‘महोगनी’ म्हणून जे विकलं जातं ते पुष्कळदा तूण असतं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्या-सतारीला वापरतात तेच. तूण आणि महोगनी एकाच कुळातली झाडं, त्यामुळे रंगरूप मिळतंजुळतं. फरक छिद्रांत आहे: तुणीत प्रत्येक वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग असते, त्यामुळे वलयं ठळक दिसतात. तूण निघाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ते लाकूड वाद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पारखलेलं आहे.

फिंगरबोर्ड काळा आहे म्हणजे एबनी (आबनूस), असंही नाही. स्वस्त वाद्यांत मेपल किंवा पेअरची फळी काळी रंगवून बसवत. पडद्यांच्या मधे, जिथे बोटं झिजवतात तिथे बघा. तपकिरी किंवा पिवळट खळगे दिसले तर रंग आहे. फिंगरबोर्डच्या टोकाला ओलसर पांढरा कापूस हलकेच टेकवला की रंगवलेलं लाकूड कित्येकदा काळं उतरतं. एवढीच ओल चालेल, जास्त नको. ध्वनिछिद्राखालची ठिपकेदार तपकिरी पट्टी कासवाच्या कवचाची असू शकते किंवा सेल्युलॉइडची. ती ओळखायला तापलेली सुई टोचा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं. बोटानं जोरात चोळून वास घ्या. कापरासारखा आला तर सेल्युलॉइड. कवच असेल तर खरेदी-विक्रीचा विचार करण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा, हॉक्सबिल कासव आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

पॉलिश काढायचं नाही म्हटलं, पण ते काय आहे हे न शिवता कळू शकतं. नोटा तपासायची अतिनील टॉर्च घ्या आणि अंधाऱ्या खोलीत पाठीवर मारा. जुनी लाख नारिंगी चमकते. एखादा भाग वेगळा, निळसर किंवा हिरवट दिसला तर तिथे नंतर कुणीतरी हात फिरवलाय, आणि त्या भागाचा रंग पुरावा म्हणून धरू नका.

तुमच्या पाच फोटोंवरून मी आज एवढंच म्हणेन: आजोबांच्या मँडोलिनची तबली स्प्रूसची दिसते, घोडीजवळ ती वाकवलेलीही आहे, म्हणजे नेपल्सच्या पद्धतीची. पाठीच्या उजव्या कडेला, शेपटाजवळच्या पट्टीवर एक टवका उडालाय आणि आतलं लाकूड फिकट दिसतंय. त्यावरून लगेच ‘रंगवलेलं मेपल’ म्हणू नका. रोझवूडचं सालीजवळचं लाकूडही पिवळट-पांढरं असतं, आणि ती कडेची पट्टी बाकीच्या फाकींपेक्षा वेगळ्या लाकडाचीही असू शकते. टवक्याच्या कडेवर भिंग धरून फोटो काढा, दिवसा उजेडी. सोबत फाकींमधल्या फिकट पट्ट्यांचा एक, आणि खुंट्यांच्या पत्र्याखालचा एक. मामांच्या वाद्याचा शेपटाच्या बटणाच्या भोकाचा एक पुरेल. पावसाळ्यात हे काम काढू नका. हवा दमट असते तेव्हा जुना सरस मऊ पडतो आणि बटण उपसताना ठोकळाच हलायचा. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की बघा. आणि तोवर दोन्ही वाद्यांच्या तारा सुरात चढवून ठेवू नका, निम्म्या ताणावर असू द्या.